जनगणनेतील ‘जैन’ : आकडा नेमके काय मोजतो?

जैन समाजाविषयीचे कोणतेही व्याख्यान, निवेदन अथवा संस्थेचा वार्षिक अहवाल घेतला, तरी त्यात चार-पाच आकडे हमखास आढळतात. भारतातील जैनांची संख्या ४४ लाख ५१ हजार, देशाच्या लोकसंख्येतील वाटा ०.३७ टक्के, साक्षरता ९४ टक्क्यांच्या वर, संपन्न कुटुंबांचे प्रमाण सर्वाधिक, आणि अधूनमधून ‘देशाच्या आयकरातील २४ टक्के वाटा’. हे आकडे इतक्या वेळा उच्चारले गेले आहेत की त्यांचा उगम कोठला, त्यांची व्याप्ती किती आणि ते कोणत्या प्रश्नाला मिळालेले उत्तर आहेत, याची चौकशी करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. कापडाच्या पेढीवर ‘तीनशे तागे शिल्लक’ असे सांगितले, तर जाणता व्यापारी आधी एका ताग्यात मीटर किती हे विचारतो. समाजाच्या मोजणीबाबत हा साधा प्रश्न विचारला जात नाही, याचे नवल वाटते.

संपूर्ण देशात एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १७ फेब्रुवारी १८८१ रोजीची. त्या मोजणीत काश्मीर संस्थानाचा समावेश नव्हता, आणि पोर्तुगीज व फ्रेंच अमलाखालील मुलूख, म्हणजे गोवा अथवा पाँडिचेरी, अर्थातच बाहेर होते. या जनगणनेत जैनांची संख्या १२ लाख २२ हजारांच्या आसपास नोंदली गेली. १८९१ साली ती १४ लाख १७ हजार झाली. त्यानंतर मात्र उतरती कळा लागली. १९०१ मध्ये १३ लाख ३४ हजार, १९११ मध्ये १२ लाख ४८ हजार आणि १९२१ मध्ये ११ लाख ७९ हजार. सलग तीन जनगणनांत घट झालेली पाहून त्या काळच्या जैन धुरीणांना मोठी चिंता वाटली असल्यास ते स्वाभाविकच होते.

या घसरणीत खऱ्या मृत्यूंचा वाटा होता, हे नाकारता येत नाही. राजपुताना, गुजरात व काठियावाड हे जैन वस्तीचे मोठे प्रदेश, आणि विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ याच प्रदेशांवर कोसळला. १८९६ पासून मुंबईत प्लेग सुरू झाला आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने तर देशभर हाहाकार माजवला. परंतु घट केवळ मृत्यूंची नव्हती. अनेक जैन स्वतःचा धर्म ‘हिंदू’ असा सांगतात, अथवा प्रगणकच तसे लिहून मोकळा होतो, हे त्या काळातील जनगणना अधिकाऱ्यांनीही आपल्या अहवालांत नमूद केले होते. म्हणजे मोजणाऱ्यालाच ठाऊक होते की आपल्या रकान्यातील आकडा जैन आचार पाळणाऱ्या सर्व लोकांचा नसून, त्या दिवशी ज्यांच्या नावापुढे ‘जैन’ हा शब्द लिहिला गेला त्यांचा आहे. पुढे आकडे तेवढे उद्धृत होत राहिले. अहवालातील तो खुलासा मात्र कोणी उतरवून घेतला नाही.

या गोंधळाला कायद्याच्या भाषेनेही हातभार लावला आहे. संविधानाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात हिंदूंच्या उल्लेखात शीख, जैन व बौद्ध यांचा समावेश धरला आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांना लागू आहेत. जैन पेढीचा मुनीम कर्त्याचे आयकर विवरणपत्र भरतो तेव्हा ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ याच नावाने भरतो. कायद्यातील ही सोय आणि जनगणनेतील धर्माचा प्रश्न या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पण वर्षानुवर्षे कागदोपत्री एक शब्द लिहिणाऱ्या कुटुंबप्रमुखाने प्रगणकापुढेही तोच उच्चारला, तर त्याला दोष देता येत नाही. दक्षिण महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. कोल्हापूर, सांगली व बेळगाव भागातील जैन बहुसंख्येने शेतकरी. चतुर्थ, पंचम, कासार, शेतवाळ ही त्यांची ज्ञातिनामे आणि पाटील, चौगुले, मगदूम ही आडनावे. उत्तरेत ‘जैन’ हेच आडनाव लावण्याची प्रथा असल्याने तेथे नोंद आपोआप होते. येथे मात्र पाटील म्हटल्यावर धर्म विचारण्याचीही आवश्यकता प्रगणकाला भासत नाही. कोल्हापूरचे समाजशास्त्रज्ञ डॉ. विलास संगवे यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘जैन कम्युनिटी : अ सोशल सर्व्हे’ या ग्रंथासाठी जनगणनेचा मोठा आधार घेतला, तरी केवळ त्यावर विसंबून न राहता स्वतंत्र प्रश्नावलीद्वारेही माहिती गोळा केली, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे.

मोजणीची पद्धतही एकसारखी राहिलेली नाही. १९३१ पर्यंत एका ठरलेल्या रात्री जो जेथे असेल तेथे त्याची गणना होई. मारवाड अथवा कच्छमधील व्यापारी त्या रात्री खानदेशातील पेठेत मुक्कामाला असेल, तर तो खानदेशच्या तक्त्यात जाई. १९३१ च्या जनगणनेवर सविनय कायदेभंगाच्या वातावरणात बहिष्काराची हाक दिली गेली होती आणि तिचा परिणाम गुजरातमधील काही शहरांत अधिक जाणवला. तीच शहरे जैन वस्तीची, हे विसरता येत नाही. १९४१ ची मोजणी महायुद्धाच्या छायेत झाली. तिचे सर्व तक्ते तयार झालेच नाहीत आणि जे झाले त्यांत ‘धर्म’ या शब्दाऐवजी ‘समाज’ हे वर्गीकरण आले. १९५१ मध्ये तर देशाच्या सीमाच बदलल्या होत्या. मुलतान, गुजरांवाला, सियालकोट येथील जैन कुटुंबे विस्थापित होऊन भारतात आली होती. तेव्हा १९४१ चे साडेचौदा लाख आणि १९५१ चे सोळा लाख अठरा हजार हे एकाच भूप्रदेशाचे आकडे नव्हेत. एकाखाली एक मांडून त्यांची वजाबाकी करता येते, पण त्या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात आकडा चढतच गेला. १९६१ मध्ये सव्वावीस लाखांच्या वर, १९७१ मध्ये २६ लाख, १९८१ मध्ये ३२ लाख. पुढील तीन जनगणनांचे चित्र मात्र विलक्षण आहे. १९९१ मध्ये ३३,५२,७०६, २००१ मध्ये ४२,२५,०५३ आणि २०११ मध्ये ४४,५१,७५३. दशवार्षिक वाढ अनुक्रमे पाच टक्क्यांहून कमी, मग एकदम २६ टक्के, आणि पुन्हा ५.४ टक्के. जन्म आणि मृत्यू या दोनच कारणांनी कोणताही समाज असा हेलकावे घेत वाढत नाही.

अधिक बारकाईने पाहिल्यास हे हिशेबानेच सिद्ध होते. २००१ मध्ये जैनांतील ० ते ६ वयोगटातील बालकांचे प्रमाण १०.६ टक्के होते आणि ते सर्व प्रमुख धर्मीयांत सर्वात कमी होते. ४२ लाख २५ हजारांवर हे प्रमाण काढले तर साडेचार लाखांच्या आत बालके भरतात. सात वर्षांत जन्मून हयात असलेली बालके इतकी, तर त्याच गतीने दहा वर्षांत सुमारे साडेसहा लाख. या दशकात एकही जैन व्यक्ती मरण पावली नाही असे घटकाभर गृहीत धरले, तरी वाढ साडेसहा लाखांपलीकडे जाऊ नये. प्रत्यक्षात ती ८ लाख ७२ हजार नोंदली गेली. परदेशातून एवढे जैन येऊन स्थायिक झाले नाहीत. मग उरलेले आले कोठून? ते आधीही येथेच होते. १९९१ च्या रकान्यात ते दुसऱ्या नावाखाली बसले होते, अथवा निसटले होते, एवढाच याचा अर्थ. महाराष्ट्रातही याच दशकात साडेनऊ लाखांच्या वर असलेली संख्या १३,०१,८४३ झाली आणि २०११ मध्ये १४,००,३४९ वर स्थिरावली. धर्माच्या रकान्यात ‘जैन’ असेच लिहावे, अशी आवाहने संस्थांनी, पत्रकांनी व साधुसंतांनी केली होती. त्यांचा परिणाम या आकड्यांत असणे संभवते, मात्र किती, हे जनगणना सांगू शकत नाही.

यावरून दोन टोकांची अनुमाने काढली जातात. पहिले म्हणजे २००१ नंतर वाढ मंदावली, सबब समाज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे. दुसरे म्हणजे जनगणना खोटी असून खरी संख्या एक कोटी वा त्याहून अधिक आहे. पहिल्याचे उत्तर वर आलेच आहे, कारण तुलनेसाठी घेतलेले २००१ चे वर्षच अपवादात्मक होते. दुसऱ्यास पुरावा नाही. नोंदीत गळती होती हे मान्य केले, तरी ती दुपटीहून अधिक होती असे म्हणण्यासाठी दुसरी कोणती तरी मोजणी हाती असावी लागते, आणि ती कोणीही केलेली नाही. परदेशी स्थायिक झालेले जैन भारताच्या जनगणनेत येत नाहीत हे खरे आहे. तथापि एखाद्या निवेदनात त्यांना मिळवावयाचे असेल, तर तो आकडा ‘भारतातील जैन’ म्हणून मांडता येणार नाही.

व्याप्तीकडे दुर्लक्ष केल्यास केवढा अनर्थ ओढवतो, याचे ठळक उदाहरण सप्टेंबर २००४ मध्ये घडले. २००१ च्या जनगणनेचा धर्मविषयक अहवाल प्रसिद्ध झाला आणि १९९१-२००१ या दशकात मुस्लिम लोकसंख्येची वाढ ३६ टक्के झाल्याचे वृत्त देशभर पसरले. वस्तुतः १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना होऊ शकली नव्हती, आणि त्यापूर्वी १९८१ मध्ये आसामात झाली नव्हती. २००१ च्या आकड्यात जम्मू-काश्मीर होते, १९९१ च्या आकड्यात नव्हते. हा फरक दुरुस्त केल्यावर वाढ सुमारे २९ टक्क्यांवर आली, म्हणजे आधीच्या दशकापेक्षा ती उलट मंदावलेली होती. महानिबंधकांच्या कार्यालयाने खुलासा केला, पण तोवर अग्रलेख लिहून झाले होते आणि भाषणेही झाली होती. पहिल्या दिवशीचा आकडा आजही काही ठिकाणी उद्धृत होताना दिसतो.

जैन समाजास अभिमान वाटावा असा आकडा म्हणजे साक्षरतेचा. २००१ मध्ये देशाची साक्षरता ६४.८ टक्के असताना जैनांची ९४.१ टक्के आणि जैन स्त्रियांची ९०.६ टक्के होती. ही कामगिरी निःसंशय मोठी आहे. तथापि जनगणनेच्या दृष्टीने ‘साक्षर’ म्हणजे सात वर्षे व त्यावरील अशी व्यक्ती, जिला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता व लिहिता येते. शाळेत गेलेले असण्याची अट नाही आणि प्रगणक परीक्षाही घेत नाही. सांगणाऱ्याच्या शब्दावर नोंद होते. ९४ टक्के म्हणजे ९४ टक्के सुशिक्षित नव्हेत. शिवाय २०११ ची धर्मनिहाय साक्षरता २०१६ साली बाहेर आली तेव्हा काही वृत्तांत जैन साक्षरता सुमारे ८६ टक्के छापली गेली आणि आठ टक्क्यांची घसरण झाल्याचा समज पसरला. तेथे सहा वर्षांखालील तान्ही मुलेही भागाकारात धरली गेली होती. सात वर्षांवरील लोकसंख्येवर हिशेब केला, तर प्रमाण ९५ टक्क्यांच्या जवळ येते. पाळण्यातील मूल निरक्षर ठरवून समाजाची साक्षरता उतरवण्याचा हा प्रकार नवा नाही. १९९१ पूर्वीच्या जनगणनांतील सर्वसाधारण दरातही बालके अशीच धरली जात, म्हणून जुना दर व नवा दर शेजारी-शेजारी ठेवताना सावध राहावे लागते.

कामाच्या आकड्याचे उलट आहे. २००१ मध्ये जैन स्त्रियांपैकी केवळ ९.२ टक्के ‘काम करणाऱ्या’ ठरल्या, आणि सर्व धर्मीयांत हे प्रमाण सर्वात कमी. जनगणनेत स्वयंपाक, मुलांचे संगोपन, वृद्धांची सेवा यांस ‘काम’ म्हणत नाहीत. मात्र घरच्या दुकानात अथवा शेतीत विनावेतन राबणारी व्यक्ती व्याख्येप्रमाणे ‘काम करणारी’ असते. दुपारी यजमान जेवावयास गेले की गल्ला सांभाळणारी, पापड-लोणच्यांचा घरगुती व्यवसाय चालवणारी, सांगली भागात भांगलणीस जाणारी गृहिणी नियमाने या रकान्यात यावयास हवी. परंतु प्रगणकाला उत्तर देणारा पुरुष ‘ती घरीच असते’ असे म्हणतो आणि प्रकरण तेथेच मिटते. या ९.२ मध्ये स्त्रियांचे श्रम किती आणि पुरुषांची समजूत किती, हे वेगळे काढता येत नाही.

एक गमतीचा तपशील येथे नोंदवण्यासारखा आहे. जनगणनेत ‘कुटुंब’ म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसे. एका छताखाली तीन भाऊ राहत असून चुली तीन असतील, तर कुटुंबेही तीन. आश्रम व वसतिगृहे ‘संस्थात्मक कुटुंबे’ म्हणून मोजली जातात, पण तेथेही सामाईक चूल गृहीत आहे. उपाश्रयातील साधू-साध्वींची चूल कोठून असणार? ते तर घरोघर गोचरीस जातात. विहारात असलेल्यांची गणना करताना नियमपुस्तिका हाती घेतलेला प्रगणक किती गोंधळत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

संपन्नतेविषयीचा आकडा जनगणनेचा नाहीच. तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून येतो. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत जैनांपैकी सुमारे ७० टक्के लोक देशातील सर्वात वरच्या पाचव्या हिश्शात आढळले. ही नमुना पाहणी आहे, आणि ज्या समाजाचे प्रमाण हजारात जेमतेम चार, त्याची कुटुंबे अशा नमुन्यात थोडीच सापडणार. मुख्य म्हणजे ती उत्पन्न विचारत नाही. घराची फरशी कसली, पाणी कोठून येते, शौचालय आहे काय, पंखा, दूरदर्शन संच, फ्रीज, वाहन आहे काय, यांवरून निर्देशांक काढला जातो. २०११ मध्ये सुमारे ८० टक्के जैन शहरी भागात राहत होते, आणि शहरातील घरात या वस्तू सहज असतात. पेढीवर कर्ज किती, शेतावर बोजा किती, हे त्या यादीत नाही. या आकड्याच्या आधारे जैन समाजात गरीब नाहीतच असा निष्कर्ष काढला, तर शिष्यवृत्तीसाठी संस्थांकडे येणारे अर्ज कोणाचे, हा प्रश्न उरतो.

आणि आयकरातील २४ टक्के? या आकड्याबाबत एकच गोष्ट सांगणे पुरेसे आहे. आयकर विवरणपत्रात धर्माचा रकाना नाही. जी गोष्ट विचारलीच जात नाही, तिची बेरीज कोणत्याही कार्यालयात होऊ शकत नाही. तरीही हा आकडा व्यासपीठांवरून आणि गौरविकांतून दिमाखाने मिरवतो. समाजाच्या दातृत्वाची व उद्यमशीलतेची खरी उदाहरणे विपुल असताना या निराधार आकड्याची उसनवारी कशासाठी करावी, हे समजत नाही.

एक आकडा मात्र असा आहे, की त्याच्यापुढे वरीलपैकी बहुतेक पळवाटा बंद होतात. २००१ मध्ये ० ते ६ वयोगटात दर हजार जैन मुलग्यांमागे ८७० मुली होत्या. त्या वेळी देशाची सरासरी ९२७ होती. २०११ मध्ये जैनांचा आकडा ८८९ झाला. निसर्गतः जन्माच्या वेळी हे प्रमाण ९५० च्या आसपास असते. धर्माच्या रकान्यात कोणी ‘जैन’ लिहिले व कोणी ‘हिंदू’, याचा या गुणोत्तरावर फारसा परिणाम होत नाही, कारण एका घरातील भाऊ आणि बहीण दोघांचीही नोंद एकाच उत्तराने होते. हा आकडा जन्मलेल्यांचा नसून हयात असलेल्या बालकांचा आहे, हे खरे. पण देशात सर्वाधिक साक्षर आणि सोयीसुविधांनी युक्त समाजात मुलीच अधिक दगावतात, असे म्हणावे तर ते अधिकच भयंकर ठरेल. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा कायदा १९९४ चा आहे. व्याख्यानांतून ९४ टक्क्यांचा उल्लेख जितक्या वेळा होतो, त्याच्या दशांशानेही ८७० चा होत नाही. वास्तविक दोन्ही आकडे एकाच वर्षाच्या एकाच अहवालातील आहेत.

२०२१ ची जनगणना करोनाच्या साथीमुळे होऊ शकली नाही. १६ जून २०२५ रोजी निघालेल्या अधिसूचनेनुसार पुढील जनगणनेचा संदर्भदिन, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ आहे. या वेळी कुटुंबांना आपली माहिती स्वतः संगणकीय पद्धतीने भरण्याची मुभा ठेवली आहे आणि १९३१ नंतर प्रथमच सर्वांच्या जातीची नोंद व्हावयाची आहे. जानेवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा दिला, त्यानंतरची ही पहिलीच मोजणी. प्रश्न विचारणारा, उत्तर देणारा आणि उत्तर देण्यामागील कारण या तिन्हींत बदल झालेला असल्याने आकड्यात पुन्हा २००१ सारखी उसळी दिसली, तर तिचा अर्थ लावताना प्रथम बालकांच्या संख्येशी तिचा ताळा घ्यावा लागेल. शिवाय २०११ च्या ४४,५१,७५३ शी ती ताडून पाहताना मधले अंतर दहा वर्षांचे नसून सोळा वर्षांचे आहे. दशवार्षिक वाढीच्या जुन्या तक्त्यात ती टक्केवारी आहे तशी बसणार नाही.